बिननंबरचा चष्मा

मास्तरांना ‘कसे आहात’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘फस्क्लास.’’ बायको गेली त्या आठवड्यातही ते मला फस्क्लासच म्हणाले होते. तुमसरकडचं गाव सोडून मध्य प्रदेशात, बालाघाटात शिंपीकाम करायला आल्याला त्यांना तीस वर्षं झाली होती. आमच्या शेजारी त्यांचं दुकान, मागे दोन खोल्या, घरात बापलेक दोघंच.

‘‘परक्या मुलखात आपलं दुखणं उघडं करू नाही, ताई,’’ ते सांगायचे. ‘‘लोक मापच घेतेत.’’

लेक शीतल अकरावीत असताना शाळेत जाईनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राही, जेवण ताटात तसंच. मास्तरांनी आधी नजर उतरवली, मग बदाम आणले, मग मोबाइल काढून घेतला. मी झोप, जेवण, आंघोळ, बोलणं असं सगळं कागदावर लिहिलं, कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि मनाच्या डॉक्टरचा विषय काढला.

‘‘पोरगी पागल नाही माझी.’’

‘‘नाहीच. आजारी आहे.’’

‘‘आम्ही गाव सोडून आलो, आम्हाले नाही झालं काही. हिले काय कमी हाये?’’

मागच्या खोलीच्या पडद्याआडून शीतल म्हणाली, ‘‘बाबा, मुझे जाना है.’’ महिन्याभरातलं तिचं पहिलं पुरं वाक्य. मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

गेले, पण बालाघाटात नाही. राजेगाववरून गोंदियाला. बसमध्ये ओळखीचं कोणी भेटलं तर म्हणायचे, ‘‘पोरीच्या चष्म्याचा नंबर काढाचा हाये.’’ दोन-तीन खेपा झाल्यावर लोक विचारू लागले, चष्मा कुठे आहे? तेव्हा मास्तरांनी साध्या काचांचा चष्मा आणून तिला घालायला लावला. ‘‘आंटी, इसमें सब वैसा ही दिखता है,’’ शीतल मला म्हणाली आणि हसली. मास्तर मशीनवर वाकले आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.

दीड वर्ष, दर पंधरवड्याला दुकान बंद ठेवून त्यांनी तिला नेलं. एक खेप चुकवली नाही. शीतल सावरली, बारावी झाली, नर्सिंग शिकायला जबलपूरला गेली.

पुढच्याच आठवड्यात मास्तर माझ्या दारात उभे. गळ्यात टेप तसाच.

‘‘ताई, त्या डॉक्टरकडे मोठ्या माणसाचंही पाह्यतेत का?’’

‘‘पाहतात की. कोणासाठी?’’

‘‘असंच इचारलं.’’

मला कळलं होतं. एरवी मी जागच्या जागी वार, वेळ, बस ठरवून टाकते. त्या दिवशी गॅसवर कुकर होता. ‘‘सांगा कधी जायचं ते,’’ म्हणून मी आत वळले. ते काही सांगायला आले नाहीत. दोन महिन्यांनी दुकान आवरून गावी भावाकडे राहायला गेले.

परवा मी फोन केला. म्हटलं, गोंदियाला या, मीही येते.

‘‘आता काहून, ताई? इथं तं सगळे आपलेच हायेत.’’ मग म्हणाले, ‘‘त्यायच्यासमोर तं अजूनच बोलता येत नाही.’’

मी गुरुवार सांगितला. सकाळची बस सांगितली. ते नाही म्हणाले नाहीत. हौही म्हणाले नाहीत.