नाव झिजलेला क्रेट

सुलक्षणा माझ्या वर्गात वर्षभर तिसऱ्या ओळीत बसत होती, पण तिच्याकडे माझं खरं लक्ष गेलं ते तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात. टेंपोतून टोमॅटोचे क्रेट उतरत होते. आमच्याकडे शेतकरी क्रेटवर रंगानं आपलं नाव घालतात. एकावरचं नाव झिजलं होतं, म्हणून अडत्यानं तो बाजूला सारला. दहा वर्षांची सुलक्षणा पुढं झाली. "आप्पा, नाव न्हाई, पर ह्यो कवठ्याच्या टेंपोतनं उतरलाय. आन् मागल्या बाजूला हुता. तिथं आमच्या आईचाच माल असतोय, शेवटाला आमच्या बांधावर भरत्यात."

"वकील व्हशील तू," अडत्या म्हणाला, आणि क्रेटवर खडूनं तिच्या आईचं नाव 'कस्तुराबाई' लिहून त्यानं तो घेतला.

वकील काही ती झाली नाही. कॉम्प्युटरच्या कर्नलवर, म्हणजे सगळा कारभार पाहणाऱ्या आतल्या गाभ्यावर, ती काम करते. तिनं मला दोनदा समजावलं तेव्हा कळलं ते असं: जाळ्यातून माहिती लहान लहान पाकिटांनी येते. काही ठिकाणी प्रत्येक पाकिटावर लेबल असतं, आणि ते पाहून कर्नल ठरवतो, याला आत कुठवर जाऊ द्यायचं. लेबलच नसलेल्या पाकिटाचं काय करायचं, हा तिचा विषय.

गेल्या वर्षी माझी पत्नी ललिता हृदयाच्या दुखण्यानं दौंडच्या एका दवाखान्यात होती. तिथली कॉम्प्युटरची यंत्रणा सुलक्षणानं बसवली होती. त्याच्या महिनाभर आधी पाहुण्यांच्या वायफायवरून कुणीतरी आत घुसलं होतं, म्हणून त्या दिवशी तिनं नवा नियम लावला: लेबल नाही, तर प्रवेश नाही. नव्या मशिनांवर सगळं सुरळीत चाललं. पण वॉर्डात हृदयाचे ठोके मोजणारी तीन जुनी मशिनं होती, त्यांना लेबल लावताच येत नव्हतं. त्यांची पाकिटं कर्नल टाकून देऊ लागला आणि नर्सच्या पडद्यावर तीन खाटा कोऱ्या झाल्या. त्यांतली एक ललिताची.

नर्स सारिकाच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं तिन्ही खाटांशी एकेक माणूस बसवलं, ललिताजवळ ती स्वतः बसली. निरोप मिळाल्यावर दीड तासात सुलक्षणा पोचली. मला बाकावर पाहून थबकली.

"गुरुजी, चूक माझी हाय. जुनी मशिनं मी तपासलीच न्हाईत."

एवढंच बोलून ती कामाला लागली. दवाखान्याच्या ऑफिसातून फोन आला, तूर्त सगळीच पाकिटं आत सोड. तिनं ऐकलं नाही. तसं केलं तर उद्या कुणीही बाहेरून ललिताचे खोटे ठोके पडद्यावर पाठवील, असं तिनं शांतपणे सांगितलं. मग तिनं वॉर्डाची तार कुठली आणि तिन्ही मशिनांचे पत्ते कोणते, ते लिहून घेतलं. त्याच तारेवरून, त्याच पत्त्यावरून आलेल्या कोऱ्या पाकिटाला कर्नलनं स्वतःच लेबल द्यायचं, आणि ते लेबल फक्त नर्सच्या पडद्यापर्यंतच चालायचं, रुग्णांच्या कागदांपर्यंत नाही. बाकीची कोरी पाकिटं पूर्वीसारखीच बाहेर. चाळीस मिनिटं गेली. पडद्यावर ललिताची रेघ उमटली, तेव्हा मी प्रथम पाठ टेकली.

"एवढं कसं सुचलं?" मी विचारलं.

"कुठल्या टेंपोतनं आला आन् कुठं भरला, एवढं कळलं तरी पुरतंय की, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ललिताचे ठोके एकाएकी उतरले. पडद्याची घंटी वाजली, आणि मी स्टुलावरून उठेपर्यंत सारिका खाटेशी पोचली होती. आज ललिता राहू गावातल्या आमच्या घरी सकाळी मला हाक मारून उठवते. ती हाक ऐकताना मला दोघींची आठवण होते, सारिकाची आणि सुलक्षणाची.

सुलक्षणा आता कवठे येमाईत राहून घरूनच काम करते, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी आईच्या क्रेटांवर नावं रंगवते.