पाठ न केलेला प्रश्न

घण पहाटे बेकरीत पीठ मळायचा आणि संध्याकाळी गल्लीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. उंच आलेला चेंडू डोक्याने असा हाणायचा, की प्रतिस्पर्ध्यांनीच त्याचं नाव घण ठेवलं. बायकोला कोण अभिमान! बेकरीच्या गल्ल्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या ह्यांचं डोकं म्हणजे लोखंड हो!"

अलीकडे त्या लोखंडाला भट्टीचा उजेड सोसेना. बोलता बोलता चिडायचं, शब्द हरवायचे. अंतिम सामन्याच्या दिवशी तर पहाटे पिठाच्या अख्ख्या घाण्यात मीठ घालायचंच राहिलं. "बिनमिठाचा पाव! विकू कुणाला, तुमच्या सासूला?" असं ती म्हणाली आणि दोघंही पोट धरून हसली.

संध्याकाळी मैदान तुडुंब भरलेलं, एक-एक बरोबरी. पोरीला कडेवर आणि देवापुढचं फूल मुठीत घेऊन ती ओरडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनींना आवरा रे, पंचाची शिट्टी ऐकू येत नाही!" तेवढ्यात उंच चेंडू आला. घण उसळला, समोरचाही उसळला आणि डोक्यावर डोकं आपटलं. खाड्! पण घण लगेच उठला की! लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. देव पावला म्हणत तीही नाचली.

मालीश करणारे काका पिशवी घेऊन धावले. डोक्याला मार लागला की त्यांचे प्रश्न ठरलेले : आज वार कोणता, समोर कोण, गोल किती. पोरं पाढ्यांसारखी उत्तरं घोकूनच मैदानात उतरायची, कारण उत्तर चुकलं की बाहेर. गोल तेवढे बदलायचे, ते काकांच्या पाठीमागून कॅप्टन बोटांनी दाखवायचा. आजही त्याने दोन्ही हातांची एकेक तर्जनी वर केली.

"एक-एक!" घण खणखणीत बोलला.

"शाब्बास, पठ्ठ्या!" काकांनी पाठ थोपटली.

घण मात्र आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. मग प्रेक्षकांत तिला शोधून त्याने हातानेच विचारलं, पोरगी कुठाय? पोरगी तिच्या कडेवरच होती.

ती कठड्याशी धावली. "काका, थांबा! अहो, आज पहाटे पिठात काय विसरलात?"

घण हसला. "पीठ? अगं, आज बेकरी बंद ना?"

काकांचा चेहरा पडला. कॅप्टन मात्र कळवळला, "वहिनी, थोडाच वेळ राहिलाय. तोवर राहू द्या!"

"कप तुम्ही घरी न्या, भावोजी. मला हा माणूस न्यायचाय."

काकांनी बदली खेळाडूला हात केला. घण बाहेर येताना तिच्यावर डाफरला, पण त्याचा हात तिने सोडला नाही. काकांनी रिक्षा आणली, पोरीला आपल्याकडे ठेवून घेतलं. रिक्षा फाटकाबाहेर पडते न पडते तोच मागे आभाळ फाटावं तसा जल्लोष झाला. आपलाच गोल!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याला तपासत म्हणाल्या, "कवटी टणक असते, पण मेंदू आत अंड्यातल्या बलकासारखा हिंदकळतो. वरचं कवच शाबूत, म्हणून बलकही शाबूत, असं नाही. शुद्ध हरपली नाही तरी मार बसतोच. तो भरून येण्याआधी दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकतं. शिवाय असे धक्के वर्षानुवर्षं साठतात."

"सरावात रोज डोक्याने मारतात, तेही?"

"तेही. आता हा खेळ पुरे झाला म्हणा."

घणाने डोळे किलकिले केले. "गोल किती झाले गं?"

"दोन-एक! जिंकलो आपण!"

"खरं?" त्याचा चेहरा फुलला. जरा वेळाने पुन्हा, "गोल किती झाले गं?" आणि पुन्हा. दर वेळी ती तितक्याच आनंदाने सांगायची आणि तोंड फिरवून देवाचा धावा करायची. एकदा ओठात पुटपुटली, "कप नको रे बाबा, ह्यांची आठवण तेवढी परत दे."

सकाळी ती डोळे मिटून देवाचं नाव घेत बसली होती. पडदे ओढलेले, खोलीत मंद उजेड.

"ऐकतेस?" घण म्हणाला. "त्या घाण्यात मीठ राहिलं होतं."

तिने डोळे उघडले.

"आणि तो पाव तू माझ्या सासूला विकणार होतीस."

ती अशी किंचाळली, की परिचारिका धावत आली. "अहो बाई, काय झालं?"

"मीठ! ह्यांना मीठ आठवलं!" म्हणत तिने त्या बाईंनाच मिठी मारली.

"हळू गं," घण कपाळ धरून हसला. "डोकं लोखंडाचं नाही माझं."