तो आवाज कुणाचा

ऑपरेटरबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. निवृत्तीनंतर घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा अंधांसाठी पुस्तकं वाचलेली बरी, म्हणून त्या ग्रंथालयाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊ लागल्या. खोली कसली, जिन्याखालची अडगळच. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, आणि पंख्याची घरघर येते म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा बंद. काचेपलीकडचे रेकॉर्डिस्ट त्यांच्याच वयाचे, मोजकं बोलणारे. नऊ वर्षांत बाईंनी चरित्रं वाचली, प्रवासवर्णनं वाचली, बागकामाचं जाडजूड पुस्तकसुद्धा वाचलं. मग श्रोत्यांच्या मागणीवरून ती भयकादंबरी आली.

एका घड्याळजीच्या तरुण बायकोच्या तोंडून भलताच कुणी बोलू लागतो. अंगात सैतान शिरलाय, डोकं फिरलंय, की नवऱ्याला छळायला बाई सोंग करतेय, लेखक शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. पण मोठ्यानं वाचायचं तर आवाज कुणाचा काढायचा? घोगरा काढला की सैतान ठरला. बाईचाच ठेवला की वेड किंवा सोंग. रेकॉर्डिस्ट म्हणाले, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. बाईंनी घोगरा आवाज काढला आणि सात प्रकरणं झक्क वाचली. आठव्यात शेजारीण साक्ष देते, “हा आवाज तिचा नाही.” तिथं बाई अडल्या. पाणी प्यायल्या, खाकरून पाहिलं, पण वाक्य काही बाहेर पडेना.

हे वाक्य त्यांनी बाराव्या वर्षी स्वतः म्हटलं होतं.

दादा तेव्हा अठराचा, परीक्षा तोंडावर आलेली. दुपारी अभ्यासाला बसला की मध्येच जाड्याभरड्या आवाजात काहीबाही बोलायचा. आईनं धास्ती घेतली. वडील म्हणत, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. शेवटी त्यांनी या धाकट्या बहिणीलाच विचारलं, कारण भावंडांची खोली एकच. घरातली मोठी माणसं पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणाली, हा आवाज दादाचा नाही. मग मांत्रिक आला, दादाला आत ठेवून दाराला बाहेरून कडी लागली, आणि तिचं अंथरूण आईच्या खोलीत गेलं. दीड महिन्यानं ते सगळं आपोआप थांबलं. तोवर परीक्षा हुकली होती. दादा पुढे चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला तो कायमचाच.

त्या रविवारी बाई दादाकडे गेल्या. तो खिडकीपाशी पेपर वाचत बसला होता. त्यांनी आधी कादंबरीची गोष्ट सांगितली आणि मग, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, विचारलं की तेव्हा नक्की काय होतं.

दादानं चष्मा काढून पुसला. “मलाही कधी कळलं नाही. तो आवाज कुणाचा होता देव जाणे. पण दार वाजवायचो ना, तो मीच असायचो.”

बाईंनी त्याच्या मांडीवरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“तुझी पावलं ऐकू यायची,” तो म्हणाला. “दारापर्यंत यायचीस.”

“यायचे. कडीला हात पोचायचा माझा.”

“ठाऊक आहे,” दादा म्हणाला. रागानं म्हणाला नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

सोमवारी त्यांनी रेकॉर्डिस्टना सातही प्रकरणं पुसायला लावली. ते कुरकुरले, केलेल्या कामावर पाणी ओतताय म्हणाले. बाईंनी सगळं पुन्हा वाचलं, त्या बायकोच्या साध्या, दमलेल्या आवाजात. एका श्रोत्यानं ग्रंथालयात फोन करून कळवलं, भीती काही वाटली नाही, पण बाईचं फार वाईट वाटलं, आणि तिला काय झालं होतं ते शेवटपर्यंत समजलं नाही.

दादानं दोनच प्रकरणं ऐकली. छान वाचतेस म्हणाला आणि बंद केलं.

आता बाई दर रविवारी त्याच्याकडे जातात. त्याचा गुडघा, दुकानाचा नवा मालक, असं काहीबाही बोलणं होतं. एकदा तरी त्यानं आपल्याला ताडताड बोलावं असं त्यांना फार वाटतं. तो चहा ओततो, त्यांच्या कपात साखर जास्त घालतो, आणि विचारतो, सध्या कुठलं पुस्तक चालू आहे.