करंज्या अष्टमीला पोचल्याच नाहीत

काल पेणला सून नाताळच्या करंज्या तळत होती. त्या वासाने मी एकदम रोह्याच्या आमच्या जुन्या घरात गेले.

मी सातवीत होते. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. दर नाताळला आई करंज्यांचा पहिला डबा माझ्या मैत्रिणीकडे, सुलभाकडे, नदीपलीकडच्या अष्टमी गावात माझ्या हाती पाठवायची. त्या वर्षी वर्गातल्या दोघी म्हणाल्या, “हिच्या घरचं आपल्याला चालत नाय.” सुलभा त्यांच्यात नव्हती. तरी मला तिच्या दारात जाववेना. पुलावर थांबून मी सगळ्या करंज्या कुंडलिकेत टाकल्या.

“आवडल्या का गो त्यांना?” घरी आईने विचारलं.

“व्हय. सगळ्या संपवल्या.”

आई इतकी खूश झाली, की पुढच्या वर्षी तिने त्यांच्यासाठी दुप्पट केल्या. त्याही मी नदीतच टाकल्या.

पुढे आई वारली, तेव्हा सुलभाची आई भेटायला आली. माझा हात धरून हळूच म्हणाली, “तुमच्या करंज्यांची आम्ही वाट बघायचो. मग एकाएकी बंद झाल्या. आमचं काय चुकलं होतं गो?”

“आईला झेपत नव्हतं,” मी म्हणाले.

आई शेजारच्या खोलीत होती, पांढऱ्या चादरीखाली. तिच्यावरच ढकलून मी मोकळी झाले.