छातीतली वीज

माझ्या नवऱ्याला गळ्यापर्यंत उकिरड्यात पुरलं होतं आणि त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

तो विजेच्या तारांच्या कामावर होता. कुरवंड्याच्या माळावर झटका बसून खांबावरून पडला. माणसांनी उचलून घरी आणला तेव्हा शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता. अंगात शिरलेली वीज शेणात पुरल्यावर जमिनीत उतरते, असं सगळे मानायचे. मीही मानायचे. टोपल्या मीच ओतल्या. सासऱ्यांनी पायानं दाबून शेण घट्ट केलं.

नाकाशी बोट धरलं तर वारा लागेना. मी दोन्ही हातांनी उकरायला लागले.

"अगं ए, वीज अजून उतरली न्हाई!" सासू ओरडली.

"आत्याबाई, वीज ऱ्हाऊ द्या, दम उतरलाय त्यांचा!"

सासऱ्यांनी माझा दंड धरला. मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. तेवढ्यात नवऱ्याच्या टोळीतला फिटर धावत आला.

"आबा, सोडा तिला! काढा भाईर, पालथा घाला!"

उकरून बाहेर काढल्यावर त्यानं नवऱ्याच्या कमरेच्या दोन्हीकडं गुडघे टेकले आणि तळव्यांनी पाठ दाबायची, सोडायची, असं किती वेळ केलं. मग नवरा खोकला. मी तिथंच मातीत बसले.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं लोणावळ्याच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं. ठोके वेडेवाकडे पडत होते.

"अजून वीज हाय का आत?" मी विचारलं.

"आहे की. तुझ्याही छातीत आहे."

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांनी नीट सांगितलं. हृदयात वरच्या बाजूला एक बारीकशी जागा असते, ती आपली आपण इवलीशी वीज सोडते. ती आधी वरच्या कप्प्यांत पसरते, जरा थांबते, मग खालच्या कप्प्यांत जाते. जिथं पोचते तिथलं मांस आवळतं आणि रक्त पुढं ढकललं जातं. बाहेरची वीज शिरली की हा क्रम बिघडतो.

मला ते पटलं. जत्रेत कापलेल्या बकऱ्याचं हृदय थाळ्यात काढलं तरी थोडा वेळ उडताना मी पाहिलं होतं. नवऱ्याला त्याच्या कामावरून उमगलं. खांब उभा करताना एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी दोर ओढायचा. "मधीच दुसऱ्यानं हाक घातली की झाला घोटाळा," तो म्हणाला.

पुढं पंधरा दिवस दुपारी तो जेवून आडवा झाला की मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसायचे. ठोका यायचा, चुकायचा, दोन लागोपाठ यायचे. चुकला की माझाही जीव थांबायचा.

"काय चोरायचं हाय का आतलं?" तो डोळे मिटूनच विचारायचा.

"गप पडा. मोजतीया."

"शेण घालताना मोजल्या व्हत्या का टोपल्या?"

मी हात काढला की तो पुन्हा ओढून छातीवर ठेवायचा. एके दिवशी सगळे ठोके सारख्या अंतरानं आले. मी शंभरापर्यंत मोजले, मला तेवढंच येत होतं.

तो जगला.