फिलोमावशीच्या विहिरीचं पाणी

मंडळी, आज कौतुक करून घ्यायला गेले होते, शिकून परत आले.

आम्ही मैत्रिणींनी शेतासाठी एक स्वस्त कॅमेरा बनवलाय. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तो टिपतो आणि पीक कोमेजण्याआधीच स्क्रीनवर लाल दाखवतो. सकाळी तो घेऊन बोरिवलीहून गोराईला, फिलोमावशीच्या मळ्यात गेले.

मुळ्याचा वाफा दिसायला हिरवागार, पण स्क्रीनवर अख्खा लाल. मी म्हटलं, "मावशी, कॅमेरा बिघडला वाटतं."

मावशी विहिरीवर गेली. ओंजळभर पाणी काढून चाखलं.

"खारट," ती म्हणाली. "भरतीला खाडीचं पाणी विहिरीत झिरपतं. अंतोन रोज चाखून मगच मोटार लावायचा. तो गेल्यापासून मी उठले की बटण दाबते. ध्यानातच नाय आलं गं."

मावशीचा नवरा, अंतोनकाका, जाऊन दोन महिने झालेत.

मग तिने विचारलं, "तुझा कॅमेरा पाणी चाखतो?"

"नाही."

"मग उद्यापासून मी चाखीन."

तुमच्या घरातलं कोणतं काम कुणीतरी रोज न बोलता करत होतं, आणि ती व्यक्ती गेल्यावरच तुम्हाला कळलं?