तेलाचा एक थेंब

आमचे काका घड्याळजी. त्यांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळाला फळ्या ठोकून केलेली जागा. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. डोळ्याला भिंग लावून काका दिवसभर वाकलेले असायचे, आणि ते काढायला विसरून तसेच भाजी घ्यायला जायचे. सगळा बाजार त्यांना टिकटिककाका म्हणायचा.

त्यांचा एकच नियम होता. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही आणि थांबलेल्याला सोडायचं नाही. कुणी चांगलं चालणारं घड्याळ ‘जरा साफ करून द्या’ म्हणून आणलं, की काका त्याला वाटेला लावायचे. त्यांचा हा नियम घरातल्या पंख्याला लागू होता, शिलाई मशीनला होता, आणि दुर्दैवानं कॉम्प्युटरलाही होता.

काका मुलखाचे अबोल. घरातल्या बोलण्याचा सगळा भार काकूवर होता, आणि तिनं तो आनंदानं उचलला होता. त्यांची मुलगी लहान असताना काकू तिला पोस्टमन व्हायला निघालेल्या एका आळशी बोक्याच्या गोष्टी सांगायची. सगळ्या तिनंच रचलेल्या. त्यात सर्दी झालेली कोंबडी होती, चिडका टपालमास्तर होता, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. माझं अर्धं बालपण त्या बोक्याच्या मागे गेलं.

पुढे काकूचं घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावंच लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा आजच्यासारखे फोन हातोहाती नव्हते. मुलगी लांब दुसऱ्या शहरात, तिला दिवस गेलेले. काकू रडली ती एकदाच, मग पदर खोचून म्हणाली, “नातवंडाला बोका कोण सांगणार? ते रेकॉर्ड करायचं यंत्र आणून दे मला.” मी माइक आणून दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत ती मधल्या खोलीचं दार लावून कॉम्प्युटरसमोर बसायची. बाळ हातात आल्यावरच त्या गोष्टी मुलीला द्यायच्या, हे तिनं पक्कं केलं होतं.

मी काकांना म्हटलं, “याची एक कॉपी काढून ठेवू या.”

“चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?” काका म्हणाले. मी चिडले, पण तेवढ्यात हॉस्पिटलची धावपळ सुरू झाली आणि ते राहूनच गेलं.

ऑपरेशन नीट झालं. काकूच्या हातात पाटी आली. बाळ झालं, मुलगी त्याला घेऊन यायची ठरली, म्हणून काकूनं गोष्टी ठीकठाक आहेत ना ते पाहायला कॉम्प्युटर लावला. पडदा काळाच राहिला. आतून मात्र आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्.

काकांनी मला फोन केला असता तर! खडखडाट झाला असता किंवा धूर निघाला असता, तर ते नक्की घाबरले असते आणि मला बोलावलं असतं. पण ते यंत्र टिकटिकत होतं. जेवायला घरी आलेल्या काकांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. हा तर त्यांच्या हातखंड्यातला आजार! त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, हार्ड डिस्क काढली, भिंग लावलं.

काकूनं पाटी पुढे केली. ‘थांबा. पुतणीला बोलवा.’

“अगं, टिकटिक करणारं यंत्र माझ्या हातून कधी वाया गेलंय का?”

नव्हतंच गेलं. तिनं आयुष्यभर ते पाहिलं होतं. तिनं पाटी खाली ठेवली.

पुढचं सगळं मला काकांनीच सांगितलं. झाकणाखाली आरशासारखी लखलखीत तबकडी निघाली आणि तिच्यावर अडकून पडलेला एक बारीकसा हात. काकांनी तो चिमट्यानं हलकेच सोडवला. तबकडी स्पिरिटनं पुसली, मऊ कातड्यानं चमकवली. आसाजवळ सुईच्या टोकानं तेलाचा एक थेंब सोडला. झाकण लावून कॉम्प्युटर चालू केला, तर टिकटिक थांबलेली. “बघ, गेला आवाज,” ते काकूला म्हणाले.

त्यानंतर त्यातून कसलाच आवाज आला नाही.

मी त्यांना बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या माणसाकडे घेऊन गेले. त्यानं डिस्क उलटसुलट करून पाहिली. “काका, हे कुणी उघडलं?”

“मीच. अगदी स्वच्छ केलंय.”

त्यानं डिस्क टेबलावर ठेवली. मग शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही जी तबकडी पुसलीत ना, तिच्यावरच सगळं होतं. धुळीचा कणसुद्धा चालत नाही तिला. नुसता हात अडकला होता हो. तशीच आणली असतीत तर बहुतेक सगळं निघालं असतं.”

काकांनी घरी येऊन दारातच काकूला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेना तशी काकांना ते सोसवेना. “अगं, काहीतरी बोल मला! शिव्या दे!” आपण काय बोललो ते लगेच त्यांच्या ध्यानात आलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच कीवही येत होती.

मुलगी बाळाला घेऊन आली. गोष्टी गेल्याचं मी तिला कळवलं होतं; आईला तिनं त्याबद्दल एका शब्दानंही विचारलं नाही. एका दुपारी बाळ कुरकुरायला लागलं तसं काकूनं त्याला मांडीवर घेतलं आणि ओठ हलवत, हातवारे करत बोका सुरू केला. बाळ टक लावून बघत होतं. मुलगी म्हणाली, “बाबा, आई दाखवतेय तसं तुम्ही मोठ्यानं सांगा ना. टपालमास्तर बोक्याला काय म्हणतो?”

काका वळले. सरळ अंगणात निघून गेले. मी मागोमाग गेले.

“मला येत नाही गं,” ते म्हणाले. “एकही गोष्ट येत नाही. ऑपरेशनच्या आधी रोज संध्याकाळी ती म्हणायची, ‘अहो, आज केलेली जरा ऐका तरी.’ मी म्हणायचो, ऐकू की निवांत. आता ते काय पळून जातंय?”